विहीर सामाईक, खड्डाही सामाईक

आषाढातली सकाळ. पाऊस नुकताच थांबला होता, पण पागोळ्या अजून गळत होत्या. पलीकडच्या घरातल्या काकू रोज याच वेळी गडग्याच्या बेड्यातून आत येत, रहाटावर दोन कळश्या भरत आणि जाताजाता स्वयंपाकघराच्या खिडकीशी थांबून विचारत, "काय गो, झाला का चहा?" त्या दिवशी त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सुनेने खिडकीतून पाहिले, तर काकू एका हाताने छत्री सावरत, कमरेवर कळशी घेऊन पाखाडी उतरत होत्या. वरच्या वाडीतल्या नळाचे पाणी त्या आणत होत्या. साठी उलटलेली बाई आणि पायाखाली शेवाळलेला चिरा!

विहीर दोन्ही घरांत सामाईक होती, तीही आजेसासऱ्यांच्या काळापासून. दोन घरांत फणसाच्या झाडावरून अबोला झाला होता, गडग्यावरून तर प्रकरण तलाठ्यापर्यंत गेले होते. पण विहिरीवरून कधी शब्दाला शब्द लागला नव्हता. अबोल्याच्या दिवसांतही काकू पाणी भरायला येतच असत.

"आई, काकू रागावल्यात का आपल्यावर?" सुनेने सासूबाईंना विचारले.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करताच त्या म्हणाल्या, "रागावल्या नाहीत गो. पाण्याला वास येतो म्हणत होत्या. तुझ्या तोंडावर कसं सांगणार? एवढ्या हौसेने काम केलंस ना!"

सुनेचा हात जागीच थांबला. ते काम खरोखरच तिच्या हौसेचे होते.

हौसेचे बांधकाम

दोन वर्षांपूर्वी पतीने मुंबईची नोकरी सोडली आणि कुटुंब किनाऱ्यालगतच्या या मूळ गावी राहायला आले. समुद्र हाकेच्या अंतरावर, आगरात माड-पोफळी आणि घरात रिकाम्या खोल्या. पर्यटकांसाठी तीन खोल्या काढाव्यात ही कल्पना सुनेचीच. शहरातल्या पाहुण्याला खोलीला लागूनच स्वच्छतागृह हवे असते, हे तिला पक्के ठाऊक होते. फरश्या तिने स्वतः निवडल्या, नळ निवडले, आरसे निवडले. गवंड्याने विचारले, "वहिनी, टाकी कुठे घेऊ?" तेव्हा तिने चटकन सांगितले, "मागच्या बाजूला घ्या. दिसणार नाही अशी."

दिसू नये, एवढीच अट होती. गवंड्याने ती पाळली. टाकी बांधली, पुढे शोषखड्डा खणला आणि वर लाद्या टाकल्या. पाहुणे येऊ लागले, मोदकांचे आणि स्वच्छतेचे कौतुक करू लागले. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या वर्षी उन्हाळाभर खोल्या भरलेल्या होत्या. मे महिन्यात एका पाहुण्याच्या लहान मुलाला जुलाब झाले, तेव्हा सर्वांनी दोष आंब्यांना दिला.

आता तिला ते मूल आठवले. ती उठली आणि सुंभाचा दोर घेऊन परसात गेली. खड्ड्यापासून विहिरीच्या काठापर्यंत दोर धरला, मग टेपने मोजला. जेमतेम ४० फूट!

काळी पडलेली बाटली

दुसऱ्या दिवशी ती प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली. तिथल्या बाईंनी तिला एक छोटीशी बाटली दिली. बाटलीत औषध लावलेला कागद होता. "खुणेपर्यंत पाणी भरा, झाकण घट्ट लावा आणि घरात ठेवून द्या. पाणी काळं पडलं तर समजा, मैल्याचे जंतू आहेत," असे बाईंनी सांगितले. ही तपासणी आपल्याच देशात १९८०च्या दशकात विकसित झाली. शौचाच्या घाणीबरोबर येणारे जंतू हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू सोडतात आणि त्यामुळे बाटलीतले पाणी काळे होते. त्याला एक ते दोन दिवस लागतात. या चाचणीत निव्वळ होय की नाही एवढेच कळते. जंतू किती, हे प्रयोगशाळेतच मोजावे लागते. पण भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा आतड्यातला जंतू एकही आढळता कामा नये. तेव्हा घरच्या माणसाला होय की नाही एवढे कळले, तरी पुरेसे असते.

बाटली तिने देवघराशेजारच्या फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाईसारखी काळी झाली होती.

पतीने बाटली हातात घेतली, उजेडात धरली आणि परत ठेवली. "सगळ्या गावात असेच खड्डे आहेत," तो म्हणाला. "आपण एकट्यांनीच काय पाप केलंय?"

"सगळ्या गावाची विहीर आपल्या परसात नाही," ती म्हणाली.

त्या दिवसापासून पाणी उकळूनच प्यायचे, असे ठरले. पाहुण्यांची आलेली दोन आरक्षणे तिने फोन करून रद्द केली. पतीला ते रुचले नाही. गणपतीचा खर्च तोंडावर आला होता आणि बँकेचा हप्ता काही थांबणार नव्हता.

पाणी जाते कुठे?

आपण साखळी ओढतो, नळ सोडतो, पाणी खळखळत निघून जाते. ते कुठे जाते, याचा विचार फारसे कोणी करत नाही. मोठ्या शहरात ते गटारवाहिनीतून दूर कुठेतरी जाते. गावात मात्र ते आपल्याच परसात राहते.

घराघरांत असणारी सेप्टिक टाकी ही १९व्या शतकातली कल्पना. फ्रान्समध्ये लुई मुरास याने १८६०च्या सुमारास तशी टाकी बांधली आणि इंग्लंडमधल्या एक्झेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन याने १८९०च्या दशकात तिला आजचे नाव दिले. टाकीत जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी पुढे सरकते. अनेकांची समजूत असते की टाकीतून निघालेले हे पाणी शुद्ध असते. प्रत्यक्षात निम्मी किंवा त्याहून अधिक घाण त्यात विरघळलेली असते आणि रोगजंतू तर भरपूर असतात. पुढची सफाई जमिनीने करायची, असा त्या योजनेचा हिशेब आहे. खड्ड्यातले पाणी मातीच्या कणांतून हळूहळू झिरपले, तर मातीतले सूक्ष्मजीव उरलेली घाण खाऊन टाकतात.

पण किनाऱ्यावरची जमीन या हिशेबात बसत नाही. कोकणातला जांभा सच्छिद्र असतो, त्यात भेगा आणि पोकळ्या असतात. पुळणीतली वाळू तर पाणी धरूनच ठेवत नाही. दोन्हींतून पाणी झरझर जाते, त्यामुळे गाळले जायला वेळच मिळत नाही. त्यात कोकणात वर्षाकाठी साधारण २५०० ते ३५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांतच. आषाढ-श्रावणात विहिरी हाताने पाणी काढता येईल इतक्या भरतात. तेव्हा शोषखड्डाही जमिनीखालच्या पाण्यात बुडालेला असतो. आत पाणी शोषायला कोरडी जमीन उरतच नाही. खड्डा आणि विहीर ही एकाच पाण्याची दोन तोंडे होतात.

सेप्टिक टाकीसंबंधीच्या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून शोषखड्डा निदान १८ मीटर, म्हणजे सुमारे ६० फूट दूर असावा, असे म्हटले आहे. भेगाळलेल्या कातळात तेवढे अंतरही पुरेलच असे नाही. शिवाय आगर अरुंद, दोन्ही बाजूंना घरे आणि मध्ये विहीर असेल, तर ६० फूट आणायचे कुठून?

मग विहीर सोडून बोअरवेल मारली तर? किनाऱ्यावर तेही धोक्याचे. इथे जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक फूट वर असेल, तर तिच्याखाली साधारण ४० फूट गोडे पाणी टिकते, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे उपसा करून वरची पातळी एक फूट खाली नेली, की खालून खारे पाणी ४० फूट वर सरकू शकते. एकदा विहीर मचूळ झाली, की ती सुधारायला वर्षानुवर्षे लागतात. तेव्हा असलेली विहीर सांभाळणे हाच शहाणपणा.

अळवाचा वाफा

उपाय शोधताना सुनेची नजर एका जुन्या गोष्टीकडे गेली. जुन्या न्हाणीघरातले पाणी एका उथळ पाटातून अळवाच्या वाफ्यात आणि तिथून केळींच्या बुंध्याशी जात असे. नव्या बांधकामात तो पाट बुजला होता आणि अळू वाळून गेले होते. "तुझ्या नव्या मोरीने माझं फदफदं बुडालं," असे सासूबाई अधूनमधून म्हणतही असत. तिने ते कधी मनावर घेतले नव्हते.

अंघोळीचे पाणी झाडांच्या मुळाशी सोडावे, हे कोकणातल्या बायकांना कोणी शिकवले नव्हते. शौचाच्या घाणीचा विचार मात्र समाजाने कायम दुसऱ्या कोणावर तरी ढकलला. तो ढकलू नये म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांतले एक याच भूमीतले. 'कोकणचे गांधी' म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना, आपल्याला सफाईचे काम करू द्यावे म्हणून अन्नत्यागाला उभे राहिले. त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही उपवास आरंभला. पुढे १९४८ साली अप्पासाहेबांनी कणकवलीला गोपुरी आश्रम उभा केला आणि मैल्याचे खत करणाऱ्या साध्या संडासांचे प्रयोग केले. आपली घाण हाताळायला दुसरा माणूस लागू नये, ही त्यांची तळमळ होती.

वनस्पतींच्या साहाय्याने सांडपाणी स्वच्छ करण्याचे शास्त्रही आता नवे राहिलेले नाही. जर्मनीत केटे सायडेल या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी १९५०च्या दशकात त्याचे प्रयोग सुरू केले. आपल्याकडे पूर्व किनाऱ्यावर पुद्दुचेरीजवळच्या ऑरोव्हिलमध्ये अनेक वस्त्या आपले सांडपाणी अशाच छोट्या योजनांतून स्वच्छ करतात. पुद्दुचेरीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने तर सगळ्या इमारतीचे सांडपाणी टाक्या, खडीचे वाफे आणि तळे यांतून नेऊन बागेला घातले आहे. रुग्णालयाला जे जमले, ते एका घराला का जमू नये?

खडी, कर्दळ आणि उतार

जिल्ह्याच्या गावातल्या एका अनुभवी अभियंत्याने परसाची पाहणी केली आणि आधी माणसे मोजली. घरचे चार आणि पाहुणे सहा, असे दहा जण. शहरी सवयीप्रमाणे माणशी रोज १३५ लिटर पाणी धरले, तर १३५० लिटर झाले. त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी होते, म्हणजे दिवसाला हजार लिटरहून थोडे अधिक. "एवढं पाणी रोज तुम्ही विहिरीच्या शेजारी ओतत होतात," तो म्हणाला. सुनेने मान खाली घातली.

जुनी टाकी गळत नव्हती, म्हणून ती राहू दिली. शोषखड्डा मात्र उपसून, चुना टाकून बुजवला. टाकीच्या पुढे आडव्या भिंतींचे चार कप्पे बांधले. पाणी एका भिंतीखालून जाते, पुढच्या कप्प्यात तळातल्या गाळातून वर येते आणि पुन्हा खाली जाते. प्रत्येक वेळी गाळातले जंतू त्यातली घाण खातात. त्यापुढे विहिरीच्या विरुद्ध बाजूला, उतारावर, खडीचा वाफा केला. माणशी एक ते दोन चौरस मीटर या हिशेबाने तो एका मोठ्या खोलीएवढा झाला. खोली दोन फूट आणि तळाला व बाजूंना पक्का गिलावा, म्हणजे एक थेंबही जमिनीत जायला नको. खडीत कर्दळ, पाणकणीस आणि वाळा लावला.

इथे मुख्य काम करतात ते खडीच्या दगडांवर वाढणारे सूक्ष्मजीव. झाडांची मुळे त्यांना आधार आणि थोडा प्राणवायू पुरवतात, खडी मोकळी ठेवतात आणि पाण्यातले खत शोषून घेतात. पाणी नेहमी खडीच्या पृष्ठभागाखाली दोन-तीन इंच राहते. त्यामुळे डास होत नाहीत आणि वासही येत नाही. सगळे उतारावर चालते, पंप नाही, मोटर नाही. पावसाळ्यात चार दिवस वीज गेली तरी काही अडत नाही. वाफ्याचा काठ वीतभर उंच ठेवला आणि छपराचे पाणी वेगळ्या पन्हाळीने दूर काढून दिले, नाहीतर पहिल्याच मुसळधार पावसात सगळे वाहून गेले असते.

वाफ्यातून निघणारे पाणी केळी, माड आणि फुलझाडांना जाते. हे पाणी दिसायला नितळ असले, तरी त्यात काही जंतू उरतातच. म्हणून कोथिंबीर, मेथी, काकडी अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना ते घालू नये. सासूबाईंचा अळवाचा वाफा त्यांनी पुन्हा सुरू केला, पण त्याला फक्त विहिरीचे पाणी घातले जाते.

रोजची नजर

अशी योजना बांधली आणि विसरून गेले, असे चालत नाही. स्वयंपाकघराच्या पाण्यातला तेलकटपणा अडवणारे छोटे कुंड आठवड्यातून एकदा साफ करावे लागते. संडासात ॲसिड किंवा फिनेल भरमसाट ओतले, तर टाकीतले उपयोगी जंतूच मरतात. सॅनिटरी पॅड, प्लॅस्टिक, लहान मुलांचे डायपर आत गेले, की सगळे तुंबते. पाहुण्यांच्या प्रत्येक खोलीत आता झाकणाची बादली आणि भिंतीवर एक चिठ्ठी असते. आधी तिला संकोच वाटला होता. पण पाहुणे चिठ्ठी वाचतात आणि बऱ्याचदा 'तो वाफा दाखवा' म्हणून मागेही लागतात.

दर दोन-तीन वर्षांनी टाकीतला गाळ उपसावा लागतो. तो यंत्राच्या गाडीनेच उपसायचा, माणसाला आत उतरवायचे नाही. टाकीत साचलेले विषारी वायू काही क्षणांत जीव घेतात. २०१३च्या कायद्याने माणसाला असे जिवावर उदार करून टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. थोडे पैसे वाचावेत म्हणून 'कोणीतरी उतरेल' असे म्हणणाऱ्यांनी, तो कोणीतरी आपल्या घरचा असता तर, एवढाच विचार करावा.

देशात २०१४ पासूनच्या स्वच्छता मोहिमेत ग्रामीण भागात १० कोटींहून अधिक शौचालये बांधली गेली. त्याने बायकांची कुचंबणा थांबली, हे मोठेच काम झाले. पण किनाऱ्यावर, मग तो कोकण असो, गोवा असो की केरळ, प्रत्येक नव्या शौचालयाबरोबर आणखी एक प्रश्न आला आहे. खाली गेलेले पाणी कोणाच्या विहिरीत चालले आहे?

दुसरा दोर

एक गोष्ट सुनेने कोणाला सांगितली नव्हती. दोर घेऊन ती परसात गेली, त्याच दिवशी तिने गडग्यापलीकडचे अंतरही नजरेने मोजले होते. काकूंच्या घराचा खड्डा विहिरीपासून ३० फुटांवरही नव्हता. पतीला कळले, तेव्हा तो उसळून म्हणाला, "मग त्यांना सांग ना! आपल्यालाच का भुर्दंड?"

तिने सांगितले नाही. आपल्याकडे रोज दहा माणसांचे पाणी, त्यांच्याकडे दोन म्हाताऱ्या माणसांचे. शिवाय आपला खड्डा तसाच ठेवून दुसऱ्याच्या खड्ड्याकडे बोट दाखवले असते, तर विहिरीवरचे तेवढे एक शहाणपणही गेले असते. आधी आपले काम पुरे करायचे, असे तिने ठरवले.

काम दिवाळीनंतर संपले. विहीर उपसली, ब्लीचिंग पावडर टाकली. पाहुणे पुन्हा येऊ लागले. पाडव्याच्या सुमारास काकू गडग्याशी उभ्या राहून फुललेली लाल-पिवळी कर्दळ बराच वेळ पाहत होत्या. मग त्यांनीच विचारले, "आमच्या घाणीचं काय होतं गो? आमचा खड्डा तर विहिरीच्या उशालाच."

आता त्या घराची नळी गडग्याखालून इकडच्या टाकीला जोडली आहे. दोन माणसांनी वाफ्याला काही फरक पडला नाही. खर्च काकूंच्या मुलाने पुण्याहून पाठवला. गडग्याला भोक पाडायला कोणी तलाठ्याला बोलावले नाही.

पुढच्या आषाढात सुनेने पुन्हा बाटली भरली आणि त्याच फळीवर ठेवली. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळीही पाणी जसेच्या तसे होते. प्यायचे पाणी पावसाळ्यात अजूनही उकळूनच घेतात, कारण वाडीतले बाकीचे खड्डे तसेच आहेत आणि एका वर्षाच्या बाटलीवर पुढच्या वर्षाचा भरवसा ठेवता येत नाही. सुनेने ग्रामसभेत हा विषय दोनदा काढला आहे. एकदा हसे झाले, दुसऱ्यांदा तिघेजण वाफा बघायला घरी आले.

बाटली तिने धुऊन ठेवली. तेवढ्यात बाहेर रहाट कुरकुरला. कळशी काठावर टेकल्याचा आवाज आला आणि खिडकीशी कोणीतरी थांबले.

"काय गो, झाला का चहा?"